जावा की पायथन? नोकरीच्या बाजारात प्रोग्रॅमिंग भाषांची तुलना करताना या चुका टाळा

निपाणीपासून खानापूरपर्यंत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलं-मुली हटकून हे विचारतात: सर, जावा करू की पायथन? विचारतानाच बहुतेकांच्या मोबाइलवर एखादी जागतिक क्रमवारी उघडी असते. पहिली चूक तिथेच होते.

टियोबी या भाषांच्या लोकप्रियतेच्या यादीत पायथन ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. पण टियोबी मोजते काय, तर सर्च इंजिनांवर त्या भाषेची पानं किती सापडतात. पीवायपीएल ही दुसरी यादी गुगलवर त्या भाषेची ट्युटोरियल्स किती शोधली गेली ते पाहते, आणि रेडमंकची यादी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा कोड व स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरची चर्चा. यांतली एकही यादी रिकाम्या जागा मोजत नाही. ट्युटोरियल शोधणारा माणूस शिकणारा असतो. उद्या तो तुमच्याच शेजारी मुलाखतीला बसणार आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या सर्वेक्षणात २०१६ पासून वर्षानुवर्षं सर्वांत आवडती ठरलेली भाषा रस्ट आहे, आणि फ्रेशरसाठी रस्टच्या जागा शोधून पाहा किती मिळतात ते. आयईईई स्पेक्ट्रम हे इंजिनिअरांचं मासिक मात्र नोकऱ्यांची यादी वेगळी काढतं. २०२३ मध्ये त्यांच्या एकूण यादीत पायथन पहिली होती, नोकऱ्यांच्या यादीत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. एका सेमिस्टरचा पेपर म्हणून आपली मुलं जिला सोडून देतात, ती हीच एसक्यूएल. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मग मुलं नोकरीच्या साइटवर जातात, भाषेचं नाव टाकतात आणि वर दिसणारा आकडा लिहून घेतात. हा आकडा फसवा असतो. ‘जावा’ शोधलं की जावास्क्रिप्टच्या जाहिरातीही त्यात येऊ शकतात. ‘सी’ शोधलं तर सी प्लस प्लस आणि सी शार्प मिसळतात. ‘गो’ हा तर इंग्रजीतला रोजचा शब्द, म्हणून तिथे ‘गोलँग’ टाका. ‘आर’ एकच अक्षर, त्यामुळे सोबत ‘डेटा’ किंवा ‘स्टॅटिस्टिक्स’ जोडा. शिवाय एकच जागा चार कन्सल्टन्सी चार वेळा टाकतात. आकड्यावर न थांबता पहिल्या तीसेक जाहिराती उघडून वाचा. भाषा मुख्य कामासाठी हवी आहे, की ‘येत असेल तर उत्तम’ म्हणून शेवटी जोडली आहे? दोन्हींचे वेगळे रकाने करा आणि एकसारखी जाहिरात एकदाच धरा.

अनुभवाची चाळणी लावायला विसरू नका. शून्य ते एक वर्ष निवडलं की आकडा तर घसरतोच, क्रमही बदलू शकतो, कारण पायथनच्या बऱ्याच जागा अनुभवी डेटावाल्यांसाठी असतात. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत तर अनेकदा भाषा ठरलेलीच नसते. अ‍ॅप्टिट्यूड आणि कुठल्याही एका भाषेत नीट कोडिंग एवढंच पाहतात, पुढची भाषा ट्रेनिंगमध्ये तेच ठरवतात. अशा भरतीची तयारी करणाऱ्याने एक भाषा पक्की करावी. तीन अर्धवट भाषांनी काही साधत नाही.

बेळगाव टाकल्यावर जागाच दिसत नाहीत, अशी तक्रार येते. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नावं बेळगावी, बेंगळूरु, हुब्बळ्ळी झाली, पण जाहिरातींत जुनं स्पेलिंगही चालतं. दोन्ही टाकून पाहा. पुणे आणि बेंगळूरुची मोजणी मात्र वेगवेगळी करा. तुम्ही घर सोडून कुठे जाणार हे घरात ठरलं असेल, तर त्याच शहराचा आकडा तुमचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले मशीन शॉप, हत्तरगीचा एरोस्पेस सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) इथल्या कामाचा तर या याद्यांत पत्ताच नसतो. तिथे सीएनसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीन) आणि पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) यांचं प्रोग्रॅमिंग लागतं, जाहिरातीत ‘प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे शब्द क्वचितच असतात आणि पुष्कळ जागा ओळखीतूनच भरतात. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी पायथनच्या मागे पळण्याआधी तिथे एकदा जाऊन चौकशी करावी.

इतकं करूनही दोन भाषा जवळजवळ सारख्या निघाल्या, तर लिंक्डइनवर प्रत्येक जागेला किती अर्ज आलेत ते पाहा. जागा थोड्या कमी असल्या तरी अर्ज फारच कमी असतील, तर ती भाषा निवडा.