नागपुरात बिऱ्हाड करताय? वस्ती अशी निवडा

गावाहून नागपूरला जायचं ठरलं की प्रत्येक नातेवाईक आपलीच वस्ती चांगली म्हणून सांगतो. ऐकून घ्या, पण लगेच ॲडव्हान्स देऊ नका. आधी कागदावर दोनच गोष्टी लिहा: कामाची जागा आणि आपल्या गावाकडून येणारा रस्ता.

यवतमाळ-वर्ध्याकडचे असाल आणि काम मिहान किंवा बुटीबोरीला असेल, तर वर्धा रोडची बाजू पाहा. भंडाऱ्याकडच्यांना पारडी, उमरेडकडच्यांना दिघोरी, अमरावतीकडच्यांना वाडी सोयीची. म्हातारी आई डाळीचं गाठोडं घेऊन एकटी येते, तेव्हा बसमधून उतरून घर किती लांब आहे याला फार महत्त्व असतं. गाव आणि काम विरुद्ध टोकांना असेल तर कामाची बाजू धरा, किंवा मेट्रो पाहा. ॲक्वा मार्ग पूर्वेच्या प्रजापतीनगरहून थेट हिंगण्याच्या बाजूच्या लोकमान्यनगरला जातो, म्हणजे भंडाऱ्याकडचा माणूस पूर्वेला राहून हिंगणा एमआयडीसीत काम करू शकतो. स्टेशन घरापासून पायी किती मिनिटांवर आहे ते स्वतः चालून मोजा.

मग पाणी. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि कूलर पाण्याशिवाय नुसती गरम हवा फेकतो. आमची पहिली खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली होती. किराया कमी म्हणून घेतली. मे लागला तशी बोरिंग आटली, दुपारी टाकी रिकामी, आणि लेकरू ओल्या चादरीवर निजवायचं. तेव्हा कळलं की खोली हिवाळ्यात पाहून उपयोग नाही. शक्य तर उन्हाळ्यात, दुपारी तीनच्या सुमारास जाऊन भिंतीला हात लावून पाहा. नळ आहे की फक्त बोरिंग, नळ किती वाजता येतो, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का, हे घरमालकाला नाही, शेजारच्या बाईला विचारा. ती खरं सांगते.

पावसाचंही तसंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटसारख्या चांगल्या नावाजलेल्या वस्त्यांतही घरात पाणी शिरलं. म्हणून वस्तीच्या नावावर जाऊ नका. नाला कुठून जातो ते बघा, तळमजल्याच्या भिंतीवर ओलीची रेघ दिसते का पाहा, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा.

लेकरं शाळेची असतील तर आधी शाळा, मग खोली. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या मोफत जागेवर, प्रवेश हवा असेल तर घरापासून १ किलोमीटरच्या आतल्या मुलांचा नंबर आधी लागतो, आणि किरायाने राहणाऱ्याला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. साध्या स्टॅम्पपेपरवर भागवू नका.

वीज सबमीटरवर असेल तर युनिटचा दर करारातच लिहून घ्या. कूलर चालला की इथेच भांडण होतं.

एकदा रात्री नऊनंतरही त्या गल्लीत पायी चक्कर मारा. दिवे लागतात का, बायका-मुली फिरताना दिसतात का, शेवटची बस किंवा ऑटो कुठपर्यंत येतो, ते दिवसा समजत नाही. घरातल्या बाईला सोबत न्या आणि तिचं मन घेत नसेल तर ती खोली सोडा.

प्लॉट घ्यायची घाई मात्र अजिबात नको. वावर विकून आलेला पैसा असेल तर अजिबातच नको. शहराच्या कडेला शेतात चुना टाकून पाडलेले लेआउट पुष्कळ आहेत. अकृषक परवानगी, मंजूर नकाशा, आणि जुन्या गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेला, प्लॉट असेल तर नियमितीकरणाचं पत्र, ज्याला नागपुरात ‘आरएल’ म्हणतात, हे वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. निदान ११ महिने त्याच भागात किरायाने राहा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिथे काढा, मग प्लॉटचं बोला.