फॉलआउट 4 सर्व्हायव्हल मोड: लूट आणि जंक सांभाळताना या चुका टाळा

फॉलआउट 4 या व्हिडिओ गेमच्या साध्या मोडमध्ये ‘दिसेल ते उचला’ हे धोरण चालून जातं. सर्व्हायव्हल या सर्वात कठीण मोडमध्ये ते पहिल्या तासाभरातच अंगाशी येतं. फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट दुसऱ्या ठिकाणी पोहोचणं) नाही, सेव्ह करायला बिछाना शोधावा लागतो, वजन पेलण्याची क्षमता कमी आणि गोळ्यांनाही वजन. मर्यादेपेक्षा जास्त ओझं घेऊन चालत राहिलात, तर पायांना आणि तब्येतीला इजा होत जाते. म्हणून जंककडे, म्हणजे फोडून साहित्य मिळवायच्या किरकोळ वस्तूंकडे, बघताना नाव सोडा, आत काय आहे ते बघा. टेबलावरचा पंखा म्हणजे स्क्रू, अलार्म घड्याळ म्हणजे स्प्रिंग, गिअर आणि न्यूक्लिअर मटेरियल, आणि लोखंडी डबा म्हणजे फक्त स्टील, जे कुठेही मिळतं.

टॅग न लावता लुटायला निघणं

बहुतेकांची इन्व्हेंटरी इथेच फुगते. बंदुकीचा एखादा भाग बनवायला साहित्य कमी पडतंय, असं वर्कबेंचवर (वस्तू बनवायच्या टेबलावर) दिसलं की तिथूनच ते घटक शोधासाठी टॅग करता येतात. पिप-बॉयच्या (पात्राच्या मनगटावरच्या संगणकाच्या) जंक यादीत घटकांनुसार मांडणी करूनही टॅग लावता येतो. मग त्या घटकाच्या प्रत्येक वस्तूच्या नावापुढे भिंगाचं चिन्ह दिसतं. मात्र दहा-बारा घटक एकदम टॅग केलेत तर निम्म्या जगावर भिंग दिसेल आणि टॅगचा उपयोगच राहणार नाही. पुढच्या एक-दोन कामांना लागतील तेवढेच घटक ठेवा, काम झालं की टॅग काढून टाका. सुरुवातीच्या टप्प्यात हमखास अडतात ते स्क्रू, चिकटद्रव्य आणि अ‍ॅल्युमिनियम. स्क्रूसाठी पंखे, टाइपरायटर, खेळण्यातल्या गाड्या. चिकटद्रव्यासाठी डक्ट टेप आणि वंडरग्लू. अ‍ॅल्युमिनियमसाठी ट्रे आणि अ‍ॅल्युमिनियमचे डबे. सर्किटरी हवी असेल तर टेलिफोन आणि हॉट प्लेट सोडू नका.

चिकटद्रव्यासाठी दुकानं पालथी घालत बसण्याचीही गरज नाही. 3 मका, 3 मटफ्रूट, 3 टॅटो आणि 1 शुद्ध पाणी घेऊन कुकिंग स्टेशनवर व्हेजिटेबल स्टार्च बनवा. एकातून 5 चिकटद्रव्य मिळतं. तिन्ही पिकं एकाच सेटलमेंटमध्ये (तुम्ही उभारलेल्या वसाहतीत) लावलीत की वंडरग्लूसाठी जीव धोक्यात घालावा लागत नाही. सर्व्हायव्हलमध्ये इतका फायद्याचा दुसरा सौदा आम्हाला तरी माहीत नाही.

शस्त्रं वर्कशॉपमध्ये टाकून स्क्रू मिळतील अशी वाट बघणं

जंक आणि शस्त्रं यांचा हिशेब गेममध्ये वेगवेगळा आहे. वर्कशॉपमध्ये, म्हणजे सेटलमेंटच्या बांधकाम-टेबलाच्या साठ्यात, जंक टाकलं की काहीतरी बनवताना गेम ते आपोआप फोडतो आणि उरलेले घटक तिथेच ठेवतो. म्हणजे प्रत्येक पंखा जमिनीवर ठेवून हाताने स्क्रॅप करत (फोडत) बसण्याचं कारण नाही. शस्त्रं आणि आर्मर मात्र आपोआप फुटत नाहीत. पन्नास पाइप-बंदुका पडून असल्या तरी ‘स्टील कमी आहे’ हाच संदेश येईल. शस्त्रं वेपन्स वर्कबेंचवर आणि आर्मर आर्मर वर्कबेंचवर नेऊन स्क्रॅप करा, किंवा सेटलमेंटमध्ये खाली टाकून वर्कशॉप मोडमधून फोडा.

फोडण्याआधी स्क्रॅपर हा पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडता येणारं कौशल्य) आहे का ते बघा. त्याला पात्राचा इंटेलिजन्स हा गुण 5 लागतो. पर्क नसेल तर शस्त्रातून साधारण स्टील आणि लाकूडच हाती लागतं. पहिल्या रँकला स्क्रू, अ‍ॅल्युमिनियम, तांबं मिळू लागतं. दुसरी रँक लेव्हल 23 ला खुली होते आणि सर्किटरी, फायबर ऑप्टिक्स, न्यूक्लिअर मटेरियलही देते. जंकला या पर्कची गरज नाही, ते नेहमीच पूर्ण घटक देतं. पर्क लवकरच घेणार असाल तर जमवलेली शस्त्रं तोवर पेटीत राहू द्या.

आणखी एक: बंदुकीवर चांगली दुर्बीण किंवा बॅरल असेल तर ती तशीच फोडू नका, तो भागही तिच्याबरोबर जातो. आधी त्या जागी साधा भाग लावा. काढलेला भाग जसाच्या तसा इन्व्हेंटरीत येतो आणि दुसऱ्या बंदुकीला बसवता येतो.

महत्त्वाच्या वस्तू ‘स्टोअर ऑल जंक’मधून जाऊ देणं

एका बटणात सगळं जंक जमा होतं, त्यामुळे हात सवयीने तिकडेच जातो. पण मिलिटरी-ग्रेड सर्किट बोर्ड, बायोमेट्रिक स्कॅनर आणि सेन्सर मॉड्यूल या वस्तू मुख्य कथेत टेलिपोर्टर उभारताना अख्ख्या लागतात. वर्कशॉपमध्ये असतील तर एखादा टरेट किंवा बंदुकीचा भाग बनवताना गेम त्या घटकांसाठी फोडून टाकतो, विचारतही नाही. मग ऐन वेळी त्या शोधत हिंडावं लागतं. प्रत्येकी एक तरी वेगळ्या पेटीत ठेवा.

युद्धपूर्व नोटांचंही असंच होतं. त्यांना वजन नाही आणि विकून कॅप्स (गेममधलं चलन) मिळतात, पण गेमच्या लेखी त्या कापडही आहेत. वर्कशॉपमध्ये टाकल्यात तर गादी शिवण्यात जातील.

चुकीच्या पेटीवर भरवसा ठेवणं

सेटलमेंटबाहेरच्या कपाटात किंवा ट्रंकेत ठेवलेली लूट परतल्यावर गायब असते, कारण ती ठिकाणं काही दिवसांनी रीसेट होतात. तुम्ही स्वतः सेटलमेंटमध्ये बांधलेल्या पेट्या सुरक्षित असतात. फक्त लक्षात ठेवा, अशा पेटीतलं जंक बांधकामात मोजलं जात नाही, ते वर्कशॉपमध्येच असावं लागतं. याउलट चांगली शस्त्रं वर्कशॉपमध्ये ठेवू नका, सेटलर (सेटलमेंटमध्ये राहणारे लोक) तिथून उचलतात. पॉवर आर्मर (यांत्रिक चिलखत) उभं करून जाताना त्याची बॅटरी, म्हणजे फ्यूजन कोअरही काढून घ्या, नाहीतर हल्ल्याच्या वेळी कोणीतरी ते चढवेल.

सप्लाय लाइन जोडली, तरी साहित्य दिसत नाही

सप्लाय लाइन म्हणजे दोन सेटलमेंटचं साहित्य जोडणारा मार्ग. त्यासाठी लोकल लीडर पर्क घेतला (करिश्मा 6 लागतो), सेटलर पाठवला, आणि तरी दुसऱ्या वर्कशॉपची यादी रिकामीच? बिघाड काही नाही. जोडलेल्या सेटलमेंटचं जंक यादीत कधीच दिसत नाही, बांधायला घेतलं की वापरता येतं. खात्री करायची तर एखादी वस्तू निवडून लागणाऱ्या साहित्याचा आकडा बघा. शस्त्रं, आर्मर आणि औषधं या मार्गाने जात नाहीत, ती स्वतःच वाहून न्यावी लागतात. आकडाही शून्यच असेल तर नकाशा उघडून सप्लाय लाइनच्या रेषा दाखवा: बहुतेक वेळा एखादी सेटलमेंट साखळीतून सुटलेली असते. प्रत्येक जागा प्रत्येकीशी जोडायची गरज नसते, एका सलग साखळीत सगळ्या आल्या की पुरे.