नेहरू सायन्स सेंटरला निघण्यापूर्वी: घरातल्या सगळ्यांची तयारी

सगळ्यात आधी ठिकाण नक्की करा, कारण वरळीत नेहरूंच्या नावाच्या दोन जागा आहेत आणि टॅक्सीवाले हटकून गोंधळतात. तारांगण ॲनी बेझंट रोडवर आहे. तिथं खुर्चीत रेलून घुमटाकडे बघायचं असतं, आणि सोमवारी ते बंद असतं. आपल्याला जायचंय ते नेहरू सायन्स सेंटर डॉ. ई. मोझेस रोडवर, महालक्ष्मी स्टेशनच्या बाजूला. १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, मुख्य केंद्र सुरू व्हायच्या आधीच इथलं उघड्यावरचं विज्ञान उद्यान मुलांसाठी खुलं झालं. मुख्य केंद्राचं उद्घाटन १९८५ च्या नोव्हेंबरात झालं. इमारतीचं काम वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांचं, म्हणजे आचऱ्यात जन्मलेल्या कोकणी माणसाचं. मुलांना जाण्याआधी एवढंच सांगा की इथं काचेमागच्या वस्तू बघत हात मागे बांधून फिरायचं नाही. ओढायचं, फिरवायचं, ढकलायचं, कान लावायचा. पुण्याची मंडळी चिंचवडच्या सायन्स पार्कला जाणार असतील किंवा नागपूरची रमण विज्ञान केंद्रात, तरी पुढची बरीचशी तयारी तीच.

दिवस निवडताना हवामान बघा. उद्यान उघड्यावर आहे. पावसाळ्यात निम्मी मजा जाते आणि मे महिन्यात दुपारी लोखंडी दांड्यांना हात लावता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. त्याला आणखी एक कारण आहे: स्थिर विजेचे प्रयोग कोरड्या हवेत रंगतात. दमट हवेत वस्तूवर साठलेला विद्युतभार टिकत नाही, लगेच निसटतो, आणि केस उभे राहायचे ते राहत नाहीत. मात्र याच महिन्यांत शाळांच्या सहलीही असतात. उपाय एकच, सकाळी साडेनऊला दार उघडायच्या वेळी हजर राहायचं. सहलींच्या बस येऊन रांगा लागेपर्यंत तुमचा उद्यानाचा मोठा भाग बघून झालेला असतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आणि आसपास गर्दी वाढते. कार्यक्रमासाठी जायचं असेल तर जरूर जा, पण निवांत खेळायचं असेल तर तो आठवडा टाळा. थ्रीडी शो आणि मोठ्या पडद्यावरच्या फिल्मची तिकिटं वेगळी असतात आणि वेळा ठरलेल्या असतात. आदल्या दिवशी केंद्राच्या संकेतस्थळावर त्या बघून ठेवा. लहान मूल बरोबर असेल तर एकच शो पुरे, तोही दुपारच्या जेवणानंतरचा, म्हणजे थकलेल्या पायांना गार अंधारात बसायला मिळतं.

आता खरी तयारी, आणि माझ्या मते दिवस चांगला जाणार की नाही हे इथंच ठरतं. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात घरी तीन छोटे प्रयोग करा. पहिला दोऱ्याचा. एखादं कुलूप दोऱ्याला बांधा, दोरा टांगलाय त्या जागेपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर येईल असं बघा, आणि हलकेच झोका देऊन दहा हेलकावे मोजा. घड्याळात वीस सेकंद होतात. मग मुलांना विचारा, दोरा पाव मीटर केला तर? बहुतेक मुलं पाच सेकंद म्हणतात. मोजल्यावर दहा येतात. आणि एकाच्या जागी दोन कुलपं बांधली तर? इथं मोठी माणसंही चुकतात. वजनानं वेळ बदलत नाही.

दुसरा प्रयोग कपडे वाळत घालायच्या दोरीचा. दोन गुळगुळीत काठ्या घ्या, पडद्याचे स्टीलचे दांडे असले तर उत्तम. बाबा एक दांडा आडवा धरणार, काका दुसरा, मध्ये दोन फुटांचं अंतर. दोरीचं एक टोक एका दांड्याला बांधायचं, दोन्ही दांड्यांभोवती चार-पाच वेढे द्यायचे आणि मोकळं टोक घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या हाती द्यायचं. दोघांनी दांडे लांब ठेवण्यासाठी जोर लावायचा, पोरानं दोरी ओढायची. दोघेही ओढले जातात. प्रत्येक वेढा ताकद वाढवतो, पण बदल्यात दोरी हातभर नाही, वावभर ओढावी लागते. हे हाताला कळलेलं मूल केंद्रातल्या कप्प्यांच्या, म्हणजे पुलीच्या, खुर्चीत बसून स्वतःला वर ओढतं, तेव्हा दोरीचे पदर मोजतं. न कळलेलं मूल नुसतं वर जाऊन खाली येतं. दोन्हीत आनंद आहे, पण पहिल्या मुलाला त्या खुर्चीतून उठवायला वेळ लागतो, आणि तेच आपल्याला हवंय.

तिसरा स्वयंपाकघरातला. स्टीलची चकचकीत पळी. आतल्या बाजूला तोंड उलटं दिसतं, पाठीवर सुलटं पण बारीक. केंद्रातल्या मोठ्या अंतर्वक्र, म्हणजे पळीसारख्या आत वळलेल्या, आरशासमोर हेच सावकाश करायचं असतं. लांबून सुरुवात करायची, आपण डोक्यावर उभे दिसतो. एकेक पाऊल पुढे टाकायचं. एका जागी चेहरा पसरतो, विरघळल्यासारखा होतो, काहीच ओळखू येत नाही. आणखी थोडं पुढे गेलं की आपण सुलटे, आणि भलेमोठे. मुलं आरशाकडे धावत जातात म्हणून मधली ती जागा त्यांच्या हातून निसटते. पळी बघून आलेलं मूल ती जागा शोधतं.

यानंतर वहीत प्रत्येकानं तीन गोष्टी लिहायच्या, ‘मला हे बघायचंय’ म्हणून. आजीनंही. तीनच का, त्याचा हिशेब असा: इथं पाचशेहून जास्त उपकरणं आहेत. सहा तास एक क्षणही न थांबता फिरलात तरी प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिटही येत नाही, त्रेचाळीस सेकंद येतात. सगळं बघायचं ठरवून निघालेलं कुटुंब दुपारी दोनला एकमेकांवर वैतागलेलं असतं. पाचजणांच्या तीन-तीन म्हणजे पंधरा गोष्टी, बाकी वाटेत भेटतील त्या.

कपडे आदल्या रात्री काढून ठेवा. मुलींना फ्रॉकपेक्षा पँट किंवा लेगिंग घाला, चढायला-लोंबकळायला संकोच वाटता कामा नये. ओढणी, मफलर, लोंबती नाडी फिरत्या उपकरणांजवळ नको; लांब केसांची घट्ट वेणी. बूट रबरी तळव्याचे, रोजच्या वापरातले. नवे बूट अजिबात नाहीत. आणि बाहेर जायचं म्हणून डोक्याला तेल चोपडायची आपली पद्धत त्या दिवसापुरती बाजूला ठेवा. आदल्या संध्याकाळी केस धुवा, कारण स्थिर विजेचा प्रयोग असलाच तर तेलकट केस एकमेकांना चिकटून बसतात.

पिशव्या दोन लहान, एक मोठी नाही. याचं कारण मला कळकळीनं सांगायचंय. मोठी पिशवी नेली की ती राखायला कुणीतरी बाकावर बसतं, आणि ते कुणीतरी जवळपास नेहमी आई असते नाहीतर आजी. बाकीचे धावून येतात, पाणी पितात, परत पळतात, आणि ती डबे-बाटल्या सांभाळत दिवस काढते. तेव्हा पाठीला लावता येतील अशा दोन सॅक घ्या, एक बाबांच्या पाठीवर, एक मोठ्या मुलाच्या. आत प्रत्येकी एक पाण्याची बाटली, रुमाल, हात पुसायला ओला कपडा डबीत, टोपी, नेहमीची औषधं, मळमळीच्या गोळ्या, चिकटपट्टी, पॉवर बँक, थोडे सुटे पैसे, वही आणि दोन पेन्सिली. घरून लोहचुंबक मात्र नेऊ नका.

डब्यात ओलं, सांडणारं काही नको. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेथीचे ठेपले, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, केळी. दहीभात घरी कितीही आवडत असला तरी चमचे, ताटल्या आणि हात धुण्याची रांग आठवा. कांदा-टोमॅटो घातलेलं उन्हात टिकत नाही. दालनांत खायचं नसतं, बाहेर सावलीत बसून जेवायचं. उपहारगृह आहे, पण एक वाजता शाळांची मुलं तिथं असतात. तुम्ही बाराला डबा उघडा.

तब्येतीच्या दोन-तीन गोष्टी आधीच ठरवून ठेवा. आजोबांना पेसमेकर असेल तर मोठे चुंबक आणि स्थिर विजेची यंत्रं यांच्यापासून त्यांना लांब ठेवायचं, आणि हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवायचं, म्हणजे ती हौसेनं हात धरून ओढत नाहीत. कानाचं यंत्र असलेल्यांनीही तिथं जपावं. फिट येणाऱ्या मुलाला लखलखत्या दिव्यांच्या प्रयोगासमोर उभं करू नका. चक्कर येणाऱ्यांनी गरगर फिरणाऱ्या प्रयोगांच्या वाटेला जाऊ नये. बाहेर बसायला जागा आहे.

प्रवासाचं आदल्या संध्याकाळी बघा. रविवार असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आणि पश्चिमेचा जम्बोब्लॉक, दोन्ही तपासा. कल्याण-ठाण्याकडून येणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिमेची धीमी गाडी धरायची: प्रभादेवी, लोअर परळ, मग महालक्ष्मी. फास्ट गाडी महालक्ष्मीला थांबत नाही, गडबडीत चढलात तर थेट मुंबई सेंट्रल. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटं. आजी-आजोबा असतील तर टॅक्सी करा, या भागात रिक्षा मिळत नाहीत. आता भुयारी मेट्रोचं सायन्स सेंटर नावाचं स्थानकही झालंय, त्या मार्गावर राहणाऱ्यांना तेच सोपं.

दारातून आत गेल्यावर पहिलं काम, मोबाइलवर प्रत्येक मुलाचा पूर्ण उंचीचा फोटो काढायचा. हरवलं तर आज अंगात कोणता शर्ट आहे हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. आणि भेटायची जागा ठरवायची: आवारात मरुत हे लढाऊ विमान ठेवलंय, ते लांबूनही दिसतं आणि लहान मुलाच्याही लक्षात राहतं.

त्या विमानापाशी थोडं थांबा. घरून ही गोष्ट वाचून आलात तर मुलं जागची हलत नाहीत. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली बंगळुरूत हे बनलं, १९६१ साली पहिल्यांदा उडालं. सांगाडा उत्तम होता, पण त्याला साजेसं ताकदवान इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही, आणि ज्या वेगासाठी ते आखलं होतं तो वेग हाती आला नाही. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ते लढलं. इंजिन कमी पडणं म्हणजे काय, हे मुलांना विचारू द्या. जुनी वाफेची इंजिनं आणि ट्राम हा आजी-आजोबांचा प्रांत. मुंबईतली शेवटची ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला धावली, म्हणजे इथं वाढलेल्या, सत्तरीच्या पुढच्या माणसानं ती लहानपणी पाहिलेली असू शकते. ट्रामपाशी आपण गप्प बसायचं आणि बोलायचं काम त्यांच्याकडे द्यायचं.

मोठ्यांनी स्वतःची तयारी करायची ती बोलण्याची, खरं तर कमी बोलण्याची. उपकरणापाशी पोचताच फलक मोठ्यानं वाचून उत्तर सांगून टाकायची आपल्याला फार घाई असते. आधी मुलाला दोनदा-तीनदा करू द्या. मग एकच विचारा, ‘आता यात काय बदलून बघूया?’ उद्यानात एकमेकींकडे तोंड करून उभ्या केलेल्या मोठ्या वाटीसारख्या तबकड्या असतील तर एकीच्या मध्यापाशी तोंड नेऊन कुजबुजा आणि पलीकडच्या तबकडीपाशी आजीला उभं करा. ऐकू आलं, की मुलाला म्हणावं, आता दोन पावलं बाजूला सरकून बोल. आवाज गायब होतो. फलकावर लिहिलेल्या केंद्रबिंदूचा, म्हणजे आवाज गोळा होतो त्या जागेचा, अर्थ तिथं कळतो, आणि वाचायची गरज असलीच तर ती त्यानंतर. उत्तर आपल्याला येत नसेल तर प्रश्न वहीत उतरवायचा. हजारो हात लागणारी उपकरणं आहेत, एखादं दुरुस्तीला गेलेलं असायचंच. तेच कुणाच्या तीनांपैकी असेल तर रडारड होते, म्हणून चौथं नाव आधीच लिहून ठेवा.

साडेचारला आवरायला घ्या, विशेषतः कामाच्या दिवशी. साडेपाचनंतर उपनगरांकडे जाणाऱ्या गाडीत मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन चढणं अवघड होतं. परतीसाठी खाऊचा एक डबा न उघडता ठेवा. आणि रात्रीच्या जेवणाची व्यवस्था सकाळीच करून निघा. बेसन काढून ठेवलेलं, लसूण सोललेली, तांदूळ मोजून ठेवलेले; घरी पोचल्यावर ज्यानं दिवसभरात सगळ्यात कमी वेळा स्वयंपाक केलाय त्यानं कुकर लावायचा आणि पिठलं टाकायचं.