पक्षाचा विचार बदलला का, हे ठरवताना या चुका टाळा

जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, तेव्हापासून ठाण्यात एक वाद थांबलेलाच नाही: विचार कोणी सोडला आणि कोणी राखला? सोसायटीच्या गेटवर, लोकलमध्ये, शाखेच्या पायरीवर दोन्ही बाजूंची उत्तरं तयार असतात. वाद व्हायलाच हवा, मतदाराला तो हक्क आहे. पण बहुतेक वेळा तो चुकीच्या पुराव्यावर चालतो. राज्यशास्त्राचे प्रकल्प लिहिणाऱ्या मुलांच्या वह्यांतही मला त्याच चुका दिसतात, म्हणून त्या इथे मांडतो आहे.

युती बदलली म्हणजे विचार बदलला

ही सर्वांत मोठी चूक. शिवसेना 1966 साली मराठी माणसाच्या नोकरीच्या प्रश्नावर उभी राहिली आणि 1967 मध्ये ठाणे नगरपालिकेत तिने पहिली सत्ता मिळवली. पुढच्याच वर्षी मुंबई महापालिकेसाठी तिने प्रजा समाजवादी पक्षाशी युती केली. 1975 च्या आणीबाणीला पाठिंबा दिला. सत्तरच्या दशकात मुंबईत मुस्लिम लीगशीही जुळवून घेतलं. 1989 मध्ये भाजपशी युती, 2019 मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकार. सोबत्यावरून विचार ठरवायचा तर हा पक्ष आधी समाजवादी, मग इंदिरावादी, मग आणखी काही झाला असं म्हणावं लागेल. तसं काही झालं नाही.

खरा बदल झाला तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, आणि त्याची खूण युतीत नाही. डिसेंबर 1987 ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक सेनेने उघडपणे हिंदुत्वावर लढवली. उमेदवार रमेश प्रभू जिंकले, पण धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून न्यायालयाने निवडणूक रद्द केली. बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही पुढे सहा वर्षांसाठी गेला. एखाद्या भूमिकेसाठी पक्षाने काय गमावलं, हे पाहा. जागा गेली, हक्क गेला आणि तरी भूमिका सोडली नाही, तर तो विचार पक्षात मुरला आहे असं मानायला आधार मिळतो.

उलट उदाहरण 1999 चं. सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढल्यावर शरद पवारांची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली आणि 10 जूनला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. ऑक्टोबरमध्ये दोन्ही काँग्रेस राज्यात एकत्र सत्तेत बसल्या. याला वैचारिक कोलांटी म्हणणारे विसरतात की आर्थिक धोरण, सहकार, आरक्षण यांवर दोघांत मुळातच फारसा फरक नव्हता.

चिन्हावरून मतदाराचं मन वाचणं

ठाणे लोकसभेची यादी घ्या. 1977 ला जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी, 1989 आणि 1991 ला भाजपचे राम कापसे, 1996 ला शिवसेनेचे प्रकाश परांजपे. एका मुलाने यावरून लिहिलं होतं, ‘ठाणेकर संघविचाराकडून प्रादेशिकतेकडे वळले.’ वाक्य छान आहे, पण 1996 ला घडलं इतकंच की युतीच्या जागावाटपात ठाण्याची जागा भाजपकडून सेनेकडे आली. मतपत्रिकेवर कमळच नव्हतं, तर मतदार कमळापासून दूर गेला हे कशावरून?

2009 मध्ये इथून राष्ट्रवादीचे संजीव नाईक निवडून आले, तेव्हा मतदारसंघच नवा होता. फेररचनेत कल्याण वेगळं झालं. आज ठाण्यात मीरा-भाईंदर, ऐरोली आणि बेलापूरही येतात. जुन्या ठाण्याची आणि या ठाण्याची मतं शेजारी ठेवून ‘कल बदलला’ म्हणता येत नाही. 2024 ला नरेश म्हस्के आणि राजन विचारे समोरासमोर आले. दोघेही सेनेतूनच घडलेले, शिंदे गटाच्या म्हस्केंकडे धनुष्यबाण, ठाकरे गटाच्या विचारेंकडे मशाल. त्या निकालातून हिंदुत्व किंवा मराठीपणाचं गणित काढताना फार जपून.

नेता गेला, विचार गेला

नवी मुंबईत गणेश नाईक शिवसेनेत होते, 1999 मध्ये राष्ट्रवादीत गेले, 2019 मध्ये भाजपमध्ये, आणि बरेच नगरसेवक सोबत गेले. यातून नेत्याची स्थानिक ताकद दिसते. शहराने दोन वेळा विचार बदलला, असं त्यातून निघत नाही. पक्षांतर आणि वैचारिक बदल हे दोन वेगळे रकाने आहेत.

बदलाची एकच तारीख शोधणं

‘सेना अमुक साली हिंदुत्ववादी झाली’ हे परीक्षेत लिहायला सोयीचं. पण कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावरच्या मंदिराचा वाद सेनेने साठच्या दशकाच्या अखेरीसच हाती घेतला होता. पक्षात अनेक धागे एकत्र असतात, वर कोणता आणायचा हे काळ ठरवतो. मनसेचा 2006 चा झेंडा अनेक रंगांचा होता, जानेवारी 2020 मध्ये तो भगवा झाला. 12 एप्रिल 2022 ला ठाण्याच्या उत्तर सभेत राज ठाकरे यांनी मशिदींवरच्या भोंग्यांसाठी 3 मेची मुदत दिली. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, तेव्हा तोच पक्ष पुन्हा भाषेच्या मुद्द्यावर रस्त्यावर होता.

भाजपबद्दलही हीच चूक होते. डिसेंबर 1980 च्या मुंबई अधिवेशनात ‘गांधीवादी समाजवाद’, जून 1989 च्या पालमपूर ठरावात राममंदिर. 1998 च्या आघाडीच्या कार्यक्रमात कलम 370 नव्हतं, म्हणून पक्षाने ते सोडलं असं अनेकांनी मानलं. पक्षाच्या स्वतःच्या जाहीरनाम्यात ते होतंच, आणि ऑगस्ट 2019 मध्ये ते कलम हटवलं गेलं तेव्हा सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. आघाडीचा कार्यक्रम आणि पक्षाचा जाहीरनामा नेहमी वेगवेगळे वाचा.

निर्णय वाचताना तारीख न पाहणं

नवी मुंबई विमानतळाचं नाव घ्या. 2021 मध्ये सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, बाळासाहेबांच्या नावाचा ठराव केला. प्रकल्पग्रस्तांना दि. बा. पाटलांचं नाव हवं होतं. दि. बा. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, जमीन संपादनाविरुद्धच्या 1984 च्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले आणि त्यातून घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली, हे इथल्या आगरी-कोळी घरांत आजही सांगितलं जातं. 24 जून 2021 ला सिडकोवर मोर्चा निघाला, त्यात पक्षाचे झेंडे मागे पडले. वर्षभराने, 29 जून 2022 ला, ठाकरे सरकारने शेवटच्या बैठकीत दि. बां.चं नाव मान्य केलं, त्याच बैठकीत औरंगाबादचं संभाजीनगरही केलं. रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. हा वैचारिक बदल नव्हे. जाणाऱ्या सरकारने आपली बाजू नोंदवून ठेवली आणि भूमिपुत्रांची मागणी मान्य झाली. तारीख काढून टाका, की निर्णयाचा अर्थच बदलतो.

गाजावाजा न होता झालेला बदल नजरेतून सुटणं

मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. काँग्रेसने 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि 1991 मध्ये उद्योगांची परवाना पद्धत मोडली. पक्षाचं नाव काँग्रेसच राहिलं, आणि तरी देशाच्या राजकारणातला हा मोठा वैचारिक बदल होता. त्याचा परिणाम ठाण्यात डोळ्यांसमोर आहे. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कितीतरी कारखाने बंद पडले. ‘कारखान्यात स्थानिकांना घ्या’ ही मागणी ज्या गेटवर व्हायची ते गेट उरलं नाही, तेव्हा ती मागणीही विरली. तिच्या जागी क्लस्टर (जुन्या इमारतींचा समूह पुनर्विकास), पुनर्विकास, पाणी आणि मेट्रो आली. घोडबंदर रोडच्या टॉवरांत वेगवेगळ्या भाषांचे मतदार राहायला आले आणि छटपूजेच्या शुभेच्छांचे फलक जवळपास सगळ्या पक्षांनी लावले. यासाठी कोणी अधिवेशन घेतलं नाही, ठराव केला नाही.

तुमच्या भागातल्या एकाच पक्षाचे दोन जाहीरनामे मिळवा, वीसेक वर्षांच्या अंतराचे. पहिल्या पानावर काय होतं आणि आता काय आहे, कोणती मागणी शब्दही न बोलता गळली, हे पेन्सिलने खुणा करत वाचा. मग त्या पक्षाच्या नगरसेवकांनी सभागृहात कशाच्या बाजूने हात वर केला ते महापालिकेच्या इतिवृत्तात तपासा.