जुन्या वेबपेजवरच्या टेबलचे कॉलम हवे त्या रुंदीत कसे बसवायचे

जुन्या पेजचा सोर्स उघडला की एकात एक बसवलेली तीन-चार टेबलं हमखास सापडतात. त्यांतलं कोणतं माहितीचं आणि कोणतं नुसतं मांडणीचं, हे सगळ्यात आधी ठरवा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. ज्याच्या ओळींना आणि कॉलमना अर्थपूर्ण मथळे देता येतात ते माहितीचं. ते टेबलच राहू द्या. डावीकडे मेनू, मध्ये मजकूर, उजवीकडे सूचना अशी पानाची वाटणी करणारं टेबल मात्र काढूनच टाकायचं.

उदाहरणाला बाजार समितीच्या दरांचं पेज घेऊ. बाहेर ७६० पिक्सेलचं टेबल, कारण त्या काळी ८०० बाय ६०० च्या स्क्रीनवर ते मावायला हवं होतं. त्यात १६०, ४४० आणि १६० पिक्सेलचे तीन भाग. मधल्या भागात सात कॉलमचा तक्ता: शेतमाल, जात, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. टॅग आणि प्रॉपर्टींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाईलमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमनमध्येच लिहा.

दिलेली विड्थ पाळली का जात नाही

‘टेबल-लेआउट’ ही प्रॉपर्टी लिहिलीच नाही तर ती ‘ऑटो’ असते. मग ब्राउझर प्रत्येक कॉलमचे दोन आकडे काढतो: न तुटणारा सर्वांत लांब तुकडा मावेल इतकी किमान रुंदी, आणि सगळा मजकूर एका ओळीत बसेल इतकी कमाल रुंदी. तुम्ही लिहिलेली विड्थ तो विचारात घेतो, पण किमान रुंदीच्या खाली कॉलम नेत नाही.

आपल्या तक्त्याचा शेवटचा कॉलम बघा. खाली सगळे ‘५४००’सारखे चार आकडी दर, वर मथळ्यात मात्र ‘सर्वसाधारण’ हा सलग शब्द. विड्थ ४० पिक्सेल लिहा नाहीतर २०, कॉलम त्या शब्दाएवढा रुंद राहणारच. ती जागा शेजारच्या कॉलमांतून जाते आणि शेतमालाची नावं दोन-दोन, तीन-तीन ओळींत मोडतात. पूर्वी यावर १ बाय १ पिक्सेलची पारदर्शक गिफ ताणून बसवत. त्याने कॉलमची किमान रुंदी वाढवता येते, कमी करता येत नाही. म्हणून त्या गिफ दिसतील तिथे बिनधास्त काढा.

कोणता कॉलम अडतोय हे शोधायची सोपी युक्ती आहे. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये टेबलची विड्थ तात्पुरती १ पिक्सेल करा. ऑटो पद्धतीत प्रत्येक कॉलम आक्रसून आपल्या किमान रुंदीवर येतो आणि दोषी शब्द, नोवरॅप (मजकूर दुसऱ्या ओळीत जाऊ न देणारं) लावलेला सेल किंवा रुंद चित्र लगेच दिसतं.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या पेजवर हा त्रास जास्त होतो. अक्षरांची रुंदी बदललेली असते, पण पिक्सेलचे आकडे जुन्या फॉण्टवर बेतलेले असतात. ते आकडे सांभाळत बसू नका, नव्याने ठरवा.

माहितीचं टेबल: रुंदी एकाच जागी लिहा

आधी सेलांवरचे विड्थ, नोवरॅप आणि टेबलवरचे सेलपॅडिंग, सेलस्पेसिंग हे अ‍ॅट्रिब्यूट काढा. पॅडिंग (सेलची कड आणि मजकूर यांमधली मोकळी जागा) सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, सेलवर द्या आणि टेबलला ‘बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स’ लावा. हजारो ओळींची फाईल एका दमात साफ करणं शक्य नसेल तरी अडत नाही. या अ‍ॅट्रिब्यूटना सीएसएसपुढे जोर नसतो, त्यामुळे ‘इम्पॉर्टंट’ न लावताही तुमचा नियम वरचढ ठरतो.

मग टेबलला दोन गोष्टी एकत्र द्या: ‘टेबल-लेआउट: फिक्स्ड’ आणि ‘विड्थ: १०० टक्के’. दुसरी विसरली तर पहिलीचा भरवसा नाही, कारण टेबलची स्वतःची विड्थ ऑटो असेल तर ब्राउझर पुन्हा जुन्या पद्धतीवर जाऊ शकतो. फिक्स्ड पद्धतीत ब्राउझर आधी कॉल टॅगवरची (एकेका कॉलमसाठीच्या टॅगवरची) विड्थ बघतो. ती नसेल तर पहिल्या ओळीतल्या सेलची घेतो, आणि तीही नसेल तर उरलेली जागा उरलेल्या कॉलमांत सारखी वाटतो. पहिल्या ओळीखालचा मजकूर रुंदीच्या हिशोबात येतच नाही, त्यामुळे मोठा तक्ताही झटकन उमटतो.

म्हणून कॅप्शननंतर (तक्त्याच्या शीर्षकाच्या टॅगनंतर) लगेच कॉलग्रुप, आणि त्यात सात कॉल टॅग. आपल्या तक्त्यासाठी अनुक्रमे २२, १६, १२, ११, १३, १३, १३ टक्के. बेरीज बरोबर १००. रुंदी सेलवर न लिहिता कॉलवर लिहिण्याचं आणखी एक कारण आहे: कॉलवरच्या रुंदीत पॅडिंग धरलेलं असतं, तर सेलवरच्या पिक्सेल रुंदीत पॅडिंग वरून मिळवलं जातं आणि बेरीज चुकते. टक्के आणि पिक्सेल मिसळणारं ‘कॅल्क’ कॉलवर वापरू नका. ब्राउझरने त्याला ऑटो समजणं नियमाला धरूनच आहे.

कॉलग्रुप न घालता सेलवरच रुंदी लिहिली आणि सगळे कॉलम सारखेच दिसले, तर पहिली ओळ तपासा. जुन्या तक्त्यांत तिथे ‘आजचे बाजारभाव’ असा कॉलस्पॅन ७ चा, म्हणजे सातही कॉलम व्यापणारा सेल असतो. कॉलग्रुप नसताना ब्राउझरला त्यातून काहीच कळत नाही, मग तो सरळ सात समान भाग करतो. ते शीर्षक कॅप्शनमध्ये हलवा.

आकडे उजवीकडे लावायचे असतात, पण ‘टेक्स्ट-अलाइन’ कॉलवर चालत नाही. कॉल टॅगवर फक्त बॉर्डर, बॅकग्राउंड, विड्थ आणि व्हिजिबिलिटी चालतात. बरेच जण मग ‘एन्थ-चाइल्ड’ने चौथ्या सेलपासून पुढचे सेल निवडतात. ते ठीक आहे, पण कांद्याखाली लाल, पांढरा, उन्हाळी अशा जाती असतील आणि ‘कांदा’ या सेलला रोस्पॅन देऊन तो अनेक ओळींवर पसरवला असेल, तर दुसऱ्या ओळीपासून मोजणी एका घराने सरकते. अशा तक्त्यात आकड्यांच्या सेलना क्लास द्या.

फिक्स्डमध्ये लांब शब्द कॉलमला ताणत नाही, तो शेजारच्या सेलवर चढतो. सेलना ‘ओव्हरफ्लो-रॅप: ब्रेक-वर्ड’ लावला की हे थांबतं. ऑटो टेबलमध्ये मात्र ब्रेक-वर्डने कॉलम आक्रसत नाही, कारण तो किमान रुंदीच्या हिशोबात धरला जात नाही. तिथे ‘एनीव्हेअर’ लागतो. मराठी मथळ्यांसाठी याहून चांगला मार्ग म्हणजे तोडायची जागा आपणच दाखवणं. ‘सर्व’ आणि ‘साधारण’ यांच्यामध्ये डब्ल्यूबीआर टॅग टाका. शब्द तुटलाच तर अर्थाच्या जागी तुटेल. ‘वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल’ देवनागरीवर लावू नका, त्याने मावणारे शब्दही कुठेही कापले जातात.

रुंदी ‘सीएच’ एककात देणार असाल तर सावध. ते रोमन शून्याच्या रुंदीवर मोजलं जातं, देवनागरी आकड्यांची रुंदी त्याहून वेगळी असू शकते. अक्षराच्या आकारावर मोजलं जाणारं ‘ईएम’ किंवा ‘रेम’ बरं.

मोबाईलवर

३६० पिक्सेलच्या स्क्रीनवर १३ टक्के म्हणजे जेमतेम ४७ पिक्सेल. दोन्ही बाजूंचं ८-८ पिक्सेल पॅडिंग वजा केलं की ३१ उरतात. १६ पिक्सेलच्या अक्षरात चार आकडी दर त्यात नीट बसत नाही. म्हणून टेबललाच ‘मिन-विड्थ: ४४ रेम’ द्या. रेम १६ पिक्सेलचा असेल तर ते ७०४ पिक्सेल होतात आणि १३ टक्क्यांचा कॉलम ९१ पिक्सेलांवर येतो. मग टेबलभोवती एक डिव्ह घालून त्याला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ लावा. त्या डिव्हला ‘टॅबइंडेक्स’ शून्य, रोल ‘रीजन’ आणि आरिया-लेबल दिलं, तर कीबोर्ड वापरणाऱ्यालाही तक्ता सरकवता येतो.

ओव्हरफ्लोसाठी टेबललाच ‘डिस्प्ले: ब्लॉक’ करण्याचा शॉर्टकट टाळा. तसं केलं की ओळींभोवती ब्राउझर स्वतःचं एक अदृश्य टेबल तयार करतो. त्याला तुमचं फिक्स्डही लागू नसतं आणि १०० टक्केही, त्यामुळे सगळी मेहनत वाया जाते.

मांडणीचं टेबल काढताना

बाहेरच्या ७६० पिक्सेलच्या टेबलाच्या जागी नॅव्ह, मेन आणि असाइड असे तीन भाग करा आणि त्यांच्या पालक डिव्हला ग्रिड (सीएसएसची रकाने पाडायची पद्धत) लावा. ग्रिड मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत आलं, त्यामुळे आज ते वापरायला अडचण नाही. कॉलम लिहिताना ‘१० रेम, १ एफआर, १० रेम’ असं लिहिण्याचा मोह होतो. इथेच फसायला होतं. एफआर म्हणजे उरलेल्या जागेचा वाटा, पण त्याची किमान मर्यादा ऑटो असते, त्यामुळे मधला भाग आपल्या ७०४ पिक्सेलच्या तक्त्याएवढा ताणला जातो आणि डिव्हऐवजी अख्खं पान आडवं सरकू लागतं. मध्ये ‘मिनमॅक्स’ घेऊन त्यात शून्य आणि १ एफआर लिहा. अरुंद स्क्रीनसाठी मीडिया क्वेरीत (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणाऱ्या नियमात) तोच एक कॉलम ठेवा, म्हणजे तिन्ही भाग एकाखाली एक येतील.

नवं डॉकटाइप (फाईलच्या सुरुवातीची, एचटीएमएलचा प्रकार सांगणारी ओळ) टाकल्यावर कापून जोडलेल्या चित्रांच्या सेलांमध्ये बारीक फटी दिसू लागल्या, तर रुंदीशी झगडू नका. एचटीएमएल ४.०१ ट्रान्झिशनलचं पूर्ण पत्त्यासह असलेलं डॉकटाइप सेलातल्या एकट्या चित्राखालची जागा धरत नव्हतं, नवं धरतं. त्या चित्रांना ‘डिस्प्ले: ब्लॉक’ लावा, फटी जातील.

ईमेलचे टेम्प्लेट मात्र या साफसफाईतून वगळा. विंडोजवरचं जुन्या पद्धतीचं आउटलुक २००७ पासून वर्डच्या इंजिनने पान दाखवतं आणि त्याला ग्रिड कळत नाही. तिथे मांडणीचं टेबल आणि सेलांवरचे विड्थ अ‍ॅट्रिब्यूट ठेवा, फक्त प्रत्येक टेबलला रोल ‘प्रेझेंटेशन’ द्या, म्हणजे स्क्रीन रीडर त्याला तक्ता म्हणून वाचणार नाही.