एनआयसीयूतली (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली) बुरशी : या चुका टाळा

हजार ग्रॅमच्या आतलं बाळ. मेरोपेनेमसारखं तगडं अँटिबायोटिक चालू आहे, तरी सुस्त. दूध पचत नाही, श्वास मध्येच थांबतो, प्लेटलेट्स उतरताहेत, साखर चढतेय. इथे आणखी एक अँटिबायोटिक जोडणं ही नेहमीची चूक. या औषधांनी आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू मरतात आणि कॅन्डिडा या बुरशीला रान मोकळं मिळतं. बुरशीची शंका याच वेळी घ्यायची.

रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. आतवर पसरलेला कॅन्डिडासुद्धा साधारण निम्म्या वेळा त्यात सापडत नाही, आणि बाटलीत चार थेंब टाकले तर आशाच नको. निदान १ मिली रक्त हवं. लघवी पिशवीतली नको, कॅथेटरने घेतलेली पाठवा. पाठीतलं पाणीही तपासा. उलट रिपोर्टवर ‘यीस्ट’ (म्हणजे कॅन्डिडासारखी बुरशी) आलं की ‘कंटॅमिनेशन असेल’ म्हणत दुसऱ्या रिपोर्टची वाट बघत बसणारे आहेतच. रक्तातलं यीस्ट खरं धरायचं, औषध त्याच दिवशी.

मग लाइन, म्हणजे शिरेत ठेवलेली नळी (कॅथेटर). ‘मुश्किलीने मिळालीये सर, राहू दे’ हे वाक्य प्रत्येक युनिटमध्ये ऐकू येतं, आणि ८०० ग्रॅमच्या बाळाची शीर ज्याने शोधलीये त्याला ते पटतंही. पण कॅन्डिडा कॅथेटरच्या आत चिकट थर करून बसतो, औषध तिथे पुरेसं पोचत नाही. लाइन काढा, नवी दुसऱ्या जागी घाला.

अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच; सलाइनमध्ये साका धरतो. ऑर्डरवर नुसतं ‘अँफो’ लिहू नका. साध्या अँफोटेरिसिनचा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम, लायपोसोमलचा (चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेल्याचा) ५ पर्यंत. अदलाबदल झाली तर जीव जाऊ शकतो. पोटॅशियम, क्रिएटिनिन बघत राहा. कोर्सचे दिवस पहिल्या डोसपासून नव्हे, पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजा : बुरशी मेंदूत वा इतरत्र पसरलेली नसेल तर १४. डोळे, हृदय, किडनी, मेंदू तपासायचं राहून जातं, तेवढं विसरू नका.

कॅन्डिडाचा पॅराप्सिलोसिस हा प्रकार बहुतेकदा आपल्याच हातांवरून बाळापर्यंत जातो. अंगठी, बांगड्या, वाढलेली नखं दाराबाहेर. ऑरिस या दुसऱ्या प्रकारावर फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध सहसा चालत नाही, आणि रोजचं क्वाटर्नरी अमोनियमवालं जंतुनाशकही पुरेसं पडत नाही. वॉर्मर, मॉनिटर, प्रोब यांना क्लोरीनवालं किंवा त्या बुरशीवर चालतं असं लेबलवर लिहिलेलं जंतुनाशकच लागतं.