हिरड्यांसाठी ब्रश निवडताना आधी दातांमधल्या फटी पाहाव्यात

दात घासताना थुंकीत रक्त दिसले की बहुतेक जण त्या जागी ब्रश लावायचेच सोडून देतात आणि नेमका त्यामुळेच आजार वाढत जातो. हे रक्त सहसा हिरडीच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे येते. तो थर रोज निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच त्याचे किटण बनू लागते आणि मग ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. म्हणून कोणतेही साधन घेताना, हा थर जिथे साचतो तिथवर ते पोहोचते का, एवढेच पाहावे.

नेहमीचा ब्रश मऊ आणि लहान डोक्याचा असावा. कडक ब्रशशिवाय दात घासल्यासारखेच वाटत नाही, असे माझी आई वर्षानुवर्षे म्हणत असे. तिच्या सुळ्यांजवळची हिरडी वर सरकून पिवळसर मूळ उघडे पडले, तेव्हा कुठे तिने मऊ ब्रश हाती घेतला. ब्रश हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशांत तिरपा टेकवून, जोर न लावता जागच्या जागी हलवावा. दोन-तीन महिन्यांतच ब्रशचे केस बाहेर फाकत असतील, तर हात जड पडतो आहे असे समजावे. संधिवातामुळे ज्यांची बोटे वळत नाहीत, त्यांना दाब वाढताच सूचना देणारा विजेवरचा ब्रश खरोखर उपयोगी पडतो.

मात्र कोणताही ब्रश दोन दातांच्या मधल्या जागेत नीट शिरत नाही, आणि हिरड्यांचा आजार बहुधा तिथूनच सुरू होतो. जिथे फट आहे तिथे इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बारीक तारेभोवती केस असलेला छोटा ब्रश, फ्लॉसपेक्षा, म्हणजे दातांमधून फिरवायच्या बारीक दोऱ्यापेक्षा, चांगले काम करतो. त्याचे माप महत्त्वाचे आहे: ब्रश आत जाताना केसांचा हलका अडथळा जाणवला पाहिजे, पण तार दाताला किंवा हिरडीला घासता कामा नये. पुढच्या दातांना आणि दाढांना वेगवेगळी मापे लागणे अगदी स्वाभाविक आहे. दात घट्ट चिकटून असतील तिथे ब्रश रेटू नये. तिथे फ्लॉस वापरावा आणि तो दाताला इंग्रजी ‘सी’सारखा वळसा घालून वर-खाली फिरवावा. पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र दात सरळ करणाऱ्या तारा किंवा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात, असलेल्यांना सोयीचे असले, तरी ते जोडीला वापरावे, ब्रशच्या जागी नव्हे.

पेस्ट फ्लोराइडची असावी. राखुंडी, कोळसा आणि मीठ खरखरीत असल्याने दात झिजवतात. मशेरीबद्दल तर कळकळीने सांगावेसे वाटते, कारण तंबाखूतल्या निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येणे कमी होते आणि हिरड्या बऱ्या झाल्याचा भास होत असताना आतले हाड मात्र झिजतच राहते. क्लोरहेक्सिडीनच्या औषधी पाण्याने चूळ भरायची ती दंतवैद्यांनी सांगितलेल्या मुदतीपुरतीच, कारण जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात.

नव्याने फटी साफ करू लागल्यावर पहिले काही दिवस रक्त येईल. रोज नेमाने साफ केल्यास ते हळूहळू कमी होते. दोन आठवड्यांनंतरही ते येतच असेल, दात हलत असेल किंवा मधुमेह असेल, तर दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेची खोली दंतवैद्याकडून मोजून घ्यावी. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर भरते.

किटण काढल्यावर ‘दातांत फटी पडल्या’ अशी तक्रार अनेकदा ऐकू येते, पण किटण आणि सूज यांनी भरलेली जागाच तेव्हा मोकळी झालेली असते. सूज आणखी उतरली की आधीचा इंटरडेंटल ब्रश सैल पडू लागतो, त्यामुळे पुढच्या तपासणीला जाताना तो सोबत न्यावा आणि माप पुन्हा ठरवून घ्यावे.